धूर गेला कुठे?

प्रश्न : स्कॉटलंडच्या आयला बेटावरची २५ वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की भेट मिळाली. त्याच डिस्टिलरीच्या १० वर्षांच्या बाटलीला चुलीसारखा वास येतो. हिला मात्र फळं, मेण आणि जुन्या लाकडाचा. बाटली बनावट तर नाही? (ठाणे)

उत्तर : एवढ्यावरून बनावट ठरत नाही. जुन्या पीटेड, म्हणजे पीटचा (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींच्या जळाऊ मातीचा) धूर दिलेल्या व्हिस्कीचं असंच होतं. मोड आलेली बार्ली पीटच्या धुरावर वाळवताना धुरातले फिनॉल, म्हणजे धुरकट वास देणारी रसायनं, दाण्याच्या सालीला चिकटतात. आर्डबेग ५५ पीपीएम (दहा लाख भागांत ५५ भाग फिनॉल), लागावूलिन साधारण ३५ हे आयलाच्या डिस्टिलऱ्यांचे जे आकडे ऐकतो, ते या वाळलेल्या बार्लीचे. बाटलीतल्या व्हिस्कीचे नव्हेत. भरडणं, आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन या वाटेत त्यातला मोठा भाग गळतो. पुढे पिंपात धूर वर्षागणिक मवाळ होतो आणि ओकचा व्हॅनिला, मसाला वर येतो. ज्यांना धूरच हवा, त्यांनी १० वर्षांची घ्यावी, पैसेही वाचतील. रंगावरूनही वय ठरवू नका, कारण स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे.

प्रश्न : अशी महागडी बाटली चाखायची कशी? (कोथरूड)

उत्तर : पेगचं माप विसरा, २० ते २५ मिली पुरे. ग्लास खाली फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, ग्लेनकेर्नसारखा. रुंद तोंडाच्या ग्लासातून वास उडून जातो. ओतल्यावर १५-२० मिनिटं तसाच राहू द्या. वाइनसारखा गरागरा फिरवू नका आणि नाक आत खुपसू नका. अल्कोहोलचा झणका बसला की नाक काही वेळ बधिर होतं. ग्लास आधी हनुवटीशी धरा, तोंड किंचित उघडं ठेवा, मग हळूहळू वर आणा.

पहिला घोट अर्ध्या चमच्याएवढा. तो फक्त जिभेला सवय व्हावी म्हणून, त्यावरून मत बनवू नका. दुसरा घोट १०-१५ सेकंद जिभेवर फिरवून गिळा आणि मग नाकाने श्वास सोडा. नाकाला न सापडलेला धूर बऱ्याचदा इथे सापडतो, राख किंवा टिंक्चर आयोडीनच्या रूपात.

उन्हाळ्यात ३२-३३ अंशाच्या खोलीत अल्कोहोलच नाकात शिरतं. बाटली तासभर एसीच्या खोलीत ठेवा, फ्रिजमध्ये नको. जेवणाआधी चाखा. उदबत्ती, अत्तर, कच्चा कांदा, लसणाची चटणी यांना त्या तासापुरती सुट्टी. दोन-तीन बाटल्या चाखणार असाल तर पीटेड शेवटी ठेवा, नाहीतर पुढच्या सगळ्यांना तिचाच वास येईल.

प्रश्न : पाणी घातलं तर पाप लागतं का? (नाशिक)

उत्तर : नाही लागत, पण माप पाहिजे. धुरकट वास देणाऱ्या ग्वायाकॉलवर स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असेल तर हा रेणू पृष्ठभागाजवळ राहतो, ५९ टक्क्यांच्या वर तो आत दडतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे ५५ टक्क्यांच्या कास्क स्ट्रेंग्थला (पाणी न मिसळता पिंपातून भरलेल्या व्हिस्कीला) पाण्याचा खरा उपयोग : २५ मिलीत एक छोटा चमचा, ५ मिली, घातला की ती ४६ टक्क्यांच्या आसपास येते. तोच चमचा ४६च्या बाटलीत घातलात तर ३८ टक्के होऊन चव पाणचट होईल. तिथे ड्रॉपरने पाच थेंब, मग चाखा, मग हवं तर आणखी पाच. ४३ किंवा त्याहून कमी असेल तर आधी कोरीच चाखा.

नळाचं पाणी टाळा. क्लोरीन आणि फिनॉल मिळून जंतुनाशकासारखा वास तयार होऊ शकतो, आणि दोष मात्र डिस्टिलरीला जातो. आरओचं पाणी चालेल. बर्फ नकोच : थंडीने वास मिटतात. ४६ टक्क्यांची, चिल-फिल्टर न केलेली (थंड करून न गाळलेली) व्हिस्की पाण्याने किंचित गढूळ झाली तर घाबरू नका, ते तेलकट आम्लांचे कण आहेत.

प्रश्न : बूच तुटून बाटलीत पडलं. आता? (कोल्हापूर)

उत्तर : कागदी कॉफी फिल्टरमधून गाळून स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत भरा. बाटली यापुढे उभीच ठेवा. वाइनसारखी आडवी ठेवली की तीव्र अल्कोहोल बूच कुरतडतं. निम्म्याहून कमी उरली की छोट्या बाटलीत काठोकाठ हलवा. रिकाम्या जागेतल्या हवेने सगळ्यात आधी धूरच विझतो.

प्रश्न : गोव्यातही पीटेड माल्ट बनते, मग २५ वर्षांची का मिळत नाही? (मडगाव)

उत्तर : हवामान. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के उडून जातं, गोव्यात ८ टक्क्यांच्या घरात. १०० लिटरचे २५ वर्षांनी तिकडे साधारण ६० लिटर उरतील, इकडे १२. तेही उष्णतेने लाकडाचा अर्क इतका खेचलेले की कडूच लागायची शक्यता जास्त. बेंगळुरूच्या अमृतने आपल्या जास्त मुरलेल्या बाटल्यांना ‘ग्रीडी एंजल्स’ (हावरे देवदूत) हे नाव दिलंय, ते या उडून जाणाऱ्या वाट्यावरूनच; त्याला ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात.