लेन्स नंतर घे, आधी वांग्याच्या रोपापाशी बस

अगं, तुझे फोटो काल रात्री निवांत बघितले, एकदा नाही दोनदा. हात स्थिर आहे तुझा, डोळ्यावर फोकस बरोबर पकडतेस, ते शिकवून येत नाही. पण एक सांगू का, बावीस फोटोंमध्ये फुलपाखरू छान दिसतंय आणि ते कुठल्या झाडावर बसलंय हे जवळपास कुठेच कळत नाही. जिथे कळतं तिथे घाणेरी. घाणेरीवर फुलपाखरं हमखास येतात हे मान्य, पण ते झुडूप अमेरिकेतून आलंय आणि आपल्या डोंगरांवर नुसतं माजलंय, त्यावरचा फोटो साताऱ्यातला आहे की सिंगापूरचा हे कोणाला ओळखू येणार?

तू विचारलंस शंभर मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणारी लेन्स, घेऊ का. घे, पण वर्षभराने. आत्ता जो कॅमेरा आहे तो घे आणि मागच्या दारी आईनं वांगी लावलीयत ना, तिथे पाट टाकून सकाळी अर्धा-पाऊण तास बस, आठवडाभर, जागा न बदलता.

वांग्याच्या फुलात मध नसतो. फक्त पराग असतात, आणि तेही मधल्या पिवळ्या नळ्यांमध्ये बंद, टोकाला बारीक भोक तेवढं. सातेरी मधमाशीला ते बाहेर काढता येत नाहीत. पण एक निळ्या पट्ट्यांची गुबगुबीत माशी येते, ब्लू बँडेड बी म्हणतात तिला, ती त्या नळ्यांना घट्ट मिठी मारते आणि पंख मिटलेले ठेवून उडायचे स्नायू इतक्या जोरात थरथरवते की पराग भसकन तिच्या पोटावर सांडतात. हे डोळ्याला दिसायच्या आधी कानाला कळतं गं. उडतानाची गुणगुण थांबते आणि एकदम बारीक, चिरका झुंईं असा आवाज येतो, दोनेक सेकंद. तो आला की बटण दाबून ठेवायचं. शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास ठेव, अ‍ॅपर्चर आठ, आणि बाजूने घे, वरून नको, म्हणजे माशीची मिठी आणि फुलाचा जांभळा रंग दोन्ही येईल. मला तुझ्याकडून असा फोटो हवाय, ज्यात फूल आणि माशी यांचं एकमेकांशी काय चाललंय ते दिसतं.

याच माशीचे नर संध्याकाळी काय करतात माहितीये? कुंपणाच्या सुकलेल्या काडीला जबड्यानं धरून ओळीनं झोपतात, आणि बऱ्याचदा रोज त्याच काडीवर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं मेलीयत. पहाटे ऊन पोचायच्या आत गेलीस तर अंगावर दवाचे थेंब असतात आणि ती जागची हलत नाहीत, अशा वेळी मोबाईलसुद्धा पुरतो. काडी मात्र तोडायची नाही, चांगल्या उजेडात न्यायची नाही. काही लोक किडे फ्रीजमध्ये गार करून बाहेर ठेवतात आणि फोटो काढतात, तसलं काही कोणी शिकवायला आलं तर तिथून उठून ये.

मी स्वतः एकदा चूक केलीय म्हणून कळकळीनं सांगते. अंगणातल्या शिंजिराच्या घरट्यासमोर एक फांदी आड येत होती, बॅकग्राउंड साफ हवं म्हणून मी ती दोरीनं बाजूला ओढून बांधली. फोटो सुंदर आला. दुसऱ्या दिवशी घरटं फाटलेलं आणि पिल्लं नाहीत, ती फांदी म्हणजे त्यांचा आडोसा होता. तो फोटो मी आजवर कोणाला दाखवलेला नाही. घरट्याच्या वाटेला जाऊच नकोस.

कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी सापडली तर आईला फवारू देऊ नकोस, ती बहुतेक कॉमन मॉर्मन नाहीतर लाइम फुलपाखराची असणार. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, 2015 साली जाहीर झालं ते, त्याच्या अळ्याही लिंबू-पपनसाच्या जातीतल्या झाडांवरच वाढतात. अळी खाऊ दे चार पानं.

पावसाळ्यानंतर खुळखुळा बघ रस्त्याकडेला, पिवळ्या फुलांचा, शेंगा वाजतात तो. जमलं तर बी आणून लाव. ब्लू टायगर आणि प्लेन टायगर या फुलपाखरांचे नर त्याच्या सुकलेल्या पानांना, शेंगांना झोंबतात, खरवडून आतला रस ओढतात, कारण त्यातल्या कडू द्रव्यापासून मादीला भुलवणारा गंध त्यांच्या अंगात तयार होतो. इतके गुंग असतात की तू अगदी हातभर अंतरावर गेलीस तरी चालतं, फक्त तुझी सावली त्यांच्यावर पडू देऊ नकोस.

आणि हो, एखादी माशी फुलावर फारच वेळ गप्प असेल तर खाली वाकून बघ, फुलाच्याच रंगाचा कोळी तिला धरून बसलेला असतो.

आता या आठवड्याचं काम. कुंडीत जो केना उगवलाय तो उपटू नका म्हणावं घरी. त्याचं निळं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटून जातं, त्यामुळे सात वाजता, नऊला आणि अकराला एकाच फुलाचे तीन फोटो काढ, आणि कोण कोण येऊन गेलं ते वहीत लिही, नाव नाही आलं तरी रंग आणि आकार लिही. रविवारी वहीसकट ये, फोटो मोबाईलवर नको पाठवूस, इथे बसून मोठ्या स्क्रीनवर बघू.

— मावशी