संवाद, संप्रेषण, संज्ञापन : कुठे कोणता शब्द?

प्रश्न असा आला आहे : ‘कम्युनिकेशन’ला मराठीत संवाद, संप्रेषण, संज्ञापन, संचार असे चार शब्द दिसतात. ते समानार्थी आहेत का? नसतील तर या विषयावर मराठीत लिहिताना कोणता घ्यावा? जोडीला दोन उपप्रश्न आहेत : ‘फीडबॅक’ म्हणजे प्रतिसादच का, आणि ‘नॉइज’ला गोंगाट म्हटले तर चालेल का?

चारही शब्द समानार्थी नाहीत. फरक उपसर्गांत शोधू नये, कारण चौघांच्या डोक्यावर ‘सम्’ आहेच. धातूकडे पाहावे.

‘संचार’मध्ये चर् आहे, म्हणजे फिरणे. मराठीने हा अर्थ घट्ट धरून ठेवला आहे. मुक्त संचार, अंगात झालेला संचार, संचारबंदी, सगळीकडे हिंडणे किंवा शिरणेच आहे. संचारबंदीत बोलायला मनाई नसते, बाहेर पडायला असते. ‘दूरसंचार’ रूढ झाला आहे, तो तसाच राहू द्यावा. पण माणसामाणसांतल्या व्यवहारासाठी नुसता ‘संचार’ ही हिंदीची सवय आहे, आणि मराठी वाचक तिथे क्षणभर अडखळतो. ‘दळणवळण’ला रस्ते-रेल्वेचा वास आहे, तेव्हा तोही बाजूला ठेवू.

‘संप्रेषण’मध्ये प्रेषण आहे, म्हणजे पाठवणे. पाकिटावरचा ‘प्रेषक’ याच घरातला. त्यामुळे हा शब्द वापरला की न सांगता एक चित्र उभे राहते : एकाने काहीतरी बांधले, पाठवले, दुसऱ्याने उघडले. अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1948च्या लेखातली आकृती अगदी अशीच आहे : माहितीचा उगम, प्रेषक यंत्र, मार्ग, ग्राहक यंत्र, गंतव्य आणि मार्गावर बाजूने शिरणारा ‘नॉइज’. मात्र अर्थाचा प्रश्न अभियांत्रिकीच्या दृष्टीने गैरलागू आहे, असे शॅनन यांनी त्याच लेखात सुरुवातीलाच स्पष्ट केले होते. टेलिफोनची तार काय वाहून नेते एवढाच त्यांचा प्रश्न होता. पुढे ही आकृती मानवी व्यवहाराच्या पाठ्यपुस्तकांत गेली आणि ती अट बहुतेकांच्या नजरेतून निसटली. म्हणून डेटा, तारा, सिग्नल यांबद्दल लिहिताना ‘संप्रेषण’ चपखल बसतो. माणसांबद्दल लिहिताना तो निम्मीच बाजू सांगतो.

‘संज्ञापन’ ज्ञा धातूच्या प्रयोजक रूपावरून आला आहे : ज्ञा म्हणजे जाणणे, ज्ञापन म्हणजे जाणवून देणे. रोजच्या मराठीत हीच जोडी आहे, कळणे आणि कळवणे. ‘मी पाठवले, पण त्याला मिळाले नाही’ हे वाक्य सरळ आहे. ‘मी त्याला समजावले, पण त्याला समजले नाही’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, मग समजावले काय? म्हणजे प्रयोजक क्रियापदात समोरच्याचा वाटा गृहीत धरलेला असतो. कार्यालयीन भाषेने मात्र ‘कळवण्यात येते की’ची पार पाठवणी करून टाकली आहे. पत्र निघाले की कळवणे संपले, मग कळो वा न कळो.

मानवी व्यवहाराच्या अभ्यासाला एकच नाव द्यायचे असेल तर मी ‘संज्ञापन’ घेईन, तो याच कारणाने. एक सावधगिरी लागते : ‘ज्ञा’चा काना गाळू नये. ‘संज्ञपन’ हा वेगळा शब्द आहे, आणि यज्ञाच्या परिभाषेत त्याचा अर्थ पशूला गुदमरवून मारणे असा आहे. काही सभा ऐकताना हा मुद्रणदोष बरोबरच होता असे वाटू शकते, पण तो वेगळा विषय.

आता ‘संवाद’. सम् आणि वद्, एकत्र बोलणे. गीतेच्या प्रत्येक अध्यायाच्या अखेरीस ‘श्रीकृष्णार्जुनसंवादे’ येते ते याच अर्थाने. या शब्दाला जुळण्याचाही अर्थ आहे. रागातला संवादी स्वर वादीशी, म्हणजे मुख्य स्वराशी, जुळतो, आणि जुळत नाही तो विसंवाद. म्हणून संवाद हा संज्ञापनाचा एक प्रकार आहे, त्याचे दुसरे नाव नव्हे. कसोटी सोपी आहे : दुसऱ्या बाजूला बोलण्याची पाळी मिळाली का? वक्ता पाऊण तास बोलला, एकही प्रश्न घेतला नाही, आणि बातमीत ‘श्रोत्यांशी संवाद साधला’ असे छापून आले, तर ते चूक आहे. ते संबोधन होते. सूचनाफलक, अहवाल, धोक्याची पाटी यांत संज्ञापन असते, संवाद नसतो. ‘संवादकौशल्ये’ या नावाच्या अभ्यासक्रमात अहवालाचे लेखन घालायचे म्हटले की गोची होते ती इथेच.

उलट बाजूही पाहावी. गप्पांमध्ये पाळी दोघांना मिळते, पण कळवण्याजोगे फारसे काही नसते. ‘काय, कसं काय?’ याला कोणी तब्येतीचा अहवाल देत नाही. संबंध चालू आहे एवढेच त्यातून कळते. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी 1923मध्ये अशा बोलण्याला ‘फॅटिक कम्युनियन’ असे वेगळे नाव दिले, आणि भाषाशास्त्रज्ञ रोमान याकोबसन यांनी 1960मध्ये भाषेच्या सहा कार्यांत त्याला जागा दिली. मराठीत त्याला ‘संपर्ककार्य’ म्हणणे मला पटते.

‘फीडबॅक’कडे वळू. प्रतिसाद म्हणजे उलट आलेली कोणतीही प्रतिक्रिया. शिक्षक बोलत असताना विद्यार्थ्याच्या कपाळावर आठ्या आल्या, हा प्रतिसाद झाला. शिक्षकाने त्या पाहिल्या आणि तेच वाक्य सोपे करून पुन्हा सांगितले, तर तो फीडबॅक झाला. आठ्या दिसल्याच नाहीत तर प्रतिसाद होता, फीडबॅक नव्हता. परत आलेली गोष्ट पुढच्या पाठवणीत बदल घडवते, हे त्याचे लक्षण. शिक्षणशास्त्रातला ‘प्रत्याभरण’ जड आहे, पण हे परत भरणे तो नेमके सांगतो. हॉटेल-दुकानांतल्या फॉर्मसाठी ‘अभिप्राय’ पुरे. घोटाळा होतो तो ‘निगेटिव्ह फीडबॅक’चा. गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांच्या ‘सायबरनेटिक्स’ या 1948च्या पुस्तकातला ऋण फीडबॅक म्हणजे चूक कमी करत नेणारा, तोल सांभाळणारा. त्याचे भाषांतर ‘नकारात्मक प्रतिसाद’ केले की वाचकाला वाटते, कोणीतरी नावे ठेवली. अशा ठिकाणी ‘ऋण प्रत्याभरण’च लिहावे. शॅनन यांच्या मूळ आकृतीत फीडबॅकचा बाण नाही, हेही लक्षात ठेवावे. पुस्तकांतून त्यांच्या नावावर तो सर्रास काढलेला असतो.

‘नॉइज’ला गोंगाट म्हटले तर शेजारी लाउडस्पीकर लागलेला असतानाच तो असतो असा समज होतो. अडथळा म्हटले तर रस्ता अडला असे वाटते. प्रत्यक्षात इथे अडत काही नाही, नको असलेले मिसळते. फोनवरची खरखर, छापील पानावरचा डाग, ऐकणाऱ्याच्या मनातली काळजी, वक्त्याच्या वाक्यातला अनोळखी संस्कृत शब्द, सगळे यात मोडते. अभियांत्रिकीत ‘रव’ हा सुटसुटीत शब्द आहे. माणसांबाबत ‘व्यत्यय’ बरा, पण शेवटच्या दोन उदाहरणांत कोणता व्यत्यय ते सांगावे : मानसिक की अर्थविषयक. कारण उपाय वेगळे असतात. खरखरीवर मोठ्याने बोलून भागते, अनोळखी शब्दावर मोठ्याने बोलून काहीच होत नाही.

व्यत्ययाशी बांधलेली आणखी एक संज्ञा सहसा चुकीची भाषांतरित होते, ती ‘रिडंडन्सी’, म्हणजे संदेशात गरजेपेक्षा जास्त असलेला भाग. तिला ‘पुनरुक्ती’ म्हणतात, आणि पुनरुक्ती आपल्याकडे दोष मानला जातो. इथे मात्र ती संरक्षण असते. ‘माझी धाकटी बहीण आली होती’ या वाक्यात स्त्रीलिंग माझी, धाकटी, आली, होती असे चार ठिकाणी दिसते. खरखरीत ‘बहीण’ हा शब्दच बुडाला तरी बाईमाणूस आले होते हे कळते. शॅनन यांनी 1948मध्ये लिखित इंग्रजीत ही जादा बाजू सुमारे 50 टक्के असल्याचा अंदाज दिला होता. फोन नंबरात असे काही नसते. एक अंक चुकला की दुसऱ्याच कोणाच्या घरी फोन वाजतो. म्हणून नंबर दोनदा सांगायचा आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्यायचा. ‘अतिरिक्तता’ हा शब्द इथे चालेल. पुनरुक्ती नको.

‘चॅनेल’ आणि ‘मीडियम’ यांत मराठीत वेगळीच अडचण आहे. ‘वाहिनी’ टीव्हीने घेतली, ‘माध्यमे’ वृत्तपत्रांनी. तरी फरक राखता येतो : कशाच्या रूपात सांगितले ते माध्यम (बोली, लेखन, चित्र), कशातून गेले तो मार्ग (हवा, तार, कागद). ‘संकेत’ तर चिन्ह, खूण, कोड, रूढी, सिग्नल असे सगळेच सोसतो. एकाच लेखात तो दोन अर्थांनी आला की वाचक हरवतो. कोडला ‘संकेतव्यवस्था’, साइनला ‘चिन्ह’, आणि सिग्नलला सरळ ‘सिग्नल’ म्हणावे. कोडसाठी ‘संहिता’ नको, तो शब्द नाटकाकडे राहू द्या.

सर्वांत जास्त चूक मात्र ‘व्हर्बल’ला ‘मौखिक’ म्हणण्यात होते. मौखिक म्हणजे तोंडी. व्हर्बल म्हणजे शब्दांनी केलेले, मग ते लिहिलेले का असेना. इथे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत : शब्द आहेत का, आणि आवाज आहे का? भाषणात दोन्ही आहेत. पत्रात शब्द आहेत, आवाज नाही. उसासा, हुंकार, आवाजाची पट्टी यांत आवाज आहे, शब्द नाहीत. भुवई उंचावण्यात दोन्ही नाहीत. बधिरांची खुणांची भाषा या चारांपैकी दुसऱ्या, पत्राच्या घरात बसते, चौथ्या, भुवईच्या नव्हे. तिला स्वतःचे शब्द आणि व्याकरण आहे. अमेरिकी खुणांच्या भाषेबद्दल भाषाभ्यासक विल्यम स्टोको यांनी 1960मध्ये हे दाखवून दिले. तिला ‘देहबोली’ म्हणणे म्हणूनच चुकीचे. तसेच ‘देहबोली’ हे ‘अशाब्दिक’चे पूर्ण भाषांतर नव्हे, कारण हुंकार त्यातून निसटतो.

याच वाटेवर ‘93 टक्के संज्ञापन अशाब्दिक असते’ हे वाक्य भेटते. आकडे मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967च्या प्रयोगांचे आहेत : शब्द 7, आवाज 38, चेहरा 55. पण ते प्रयोग सुटे शब्द आणि भावना किंवा आवड-नावड यांच्यापुरते होते, शब्द एक सांगतात आणि सूर दुसरेच, अशा प्रसंगांबद्दलचे. ते सरसकट लागू असते तर परक्या भाषेतले व्याख्यान 93 टक्के समजले असते.

शेवटी एका काना-रफाराचा प्रश्न. ‘इंट्रापर्सनल’ म्हणजे स्वतःशी, ‘इंटरपर्सनल’ म्हणजे दोघांत. मराठीत ‘अंतर्’ आत दाखवतो आणि ‘आंतर’ मधले नाते : अंतर्गत, पण आंतरजातीय. त्या हिशेबाने पहिला अंतर्व्यक्तिक, दुसरा आंतरव्यक्तिक. नियम बिनचूक आहे, पण छापताना हमखास उलटतो आणि वाचताना फरक ऐकूही येत नाही. त्यापेक्षा ‘स्वगत संज्ञापन’ आणि ‘परस्पर संज्ञापन’ लिहावे. दोन्ही नावे कानाला वेगळी लागतात, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मात्रा पुसली गेली तरी उत्तर बदलत नाही.