ग्रीन फायनान्सवर पीएच.डी.: सोलापुरात राहून कोणता प्रश्न घ्यावा?

एम.ए. झालंय, नेट द्यायची आहे, 'भारतातील ग्रीन फायनान्स (पर्यावरणपूरक कामांसाठीचा पैसा) आणि आर्थिक वाढ' या विषयावर पीएच.डी. करून प्राध्यापकीकडे वळायचंय, पण सोलापूर सोडता येणार नाही, असं तुम्ही लिहिलंय. सोलापूर सोडू नका. विषय सोडा.

केंद्र सरकारचे पहिले ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामांसाठीचे कर्जरोखे, निघाले जानेवारी २०२३ मध्ये. वार्षिक आकडे घेतले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या नोंदी मिळतात. मग लोक वार्षिक आकडे ताणून मासिक करतात आणि त्यावर मॉडेल चालवतात. निकाल येतो तो ताणण्याच्या सूत्राचा, अर्थव्यवस्थेचा नाही. व्हायव्हात पहिला प्रश्न यावरच येईल. बाँडच्या व्याजसवलतीवर काम करायचं म्हटलं, तरी पहिल्या लिलावात दहा वर्षांचा ग्रीन बाँड ७.२९ टक्क्यांना गेला, म्हणजे साध्या रोख्यापेक्षा सुमारे ६ बेसिस पॉइंट (०.०६ टक्के) स्वस्त. ४,००० कोटींवर वर्षाला फक्त २.४ कोटींची बचत. शिवाय हे रोखे फारसे खरेदी-विक्रीत येत नाहीत, त्यामुळे रोजचा भाव भरवशाचा नसतो.

तुमच्या दारात याहून चांगला प्रश्न आहे. कोळशाच्या विजेचं बिल महिन्याला येतं, सोलरचा जवळजवळ सगळा खर्च आधीच करावा लागतो. म्हणून व्याजदर वाढले की फटका सोलरला जास्त. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. छतावरच्या सोलरसाठी ५० लाखांचं, सात वर्षांचं कर्ज ९ ऐवजी ११.५ टक्क्यांनी पडलं, तर हप्ता सुमारे ८०,४०० वरून ८६,९०० होतो. यंत्रमागवाल्याला हा फरक जाणवतो.

खरी मौज पुढे आहे. ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना लघुउद्योगांची नवी फ्लोटिंग (बदलत्या दराची) कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. नागरी सहकारी बँकांना हा नियम नाही. एकाच एमआयडीसीत, एकाच धंद्यात, दोन प्रकारचे कर्जदार! रेपो वाढल्यावर व्यापारी बँकेच्या कर्जदारांनी सोलर लांबणीवर टाकलं का, आणि सहकारी बँकेच्या कर्जदारांनी तितकंच टाकलं का? चलनविषयक धोरण आणि हरित गुंतवणूक यांचा सांधा इथे उघडा दिसतो.

इथे एक खड्डा आहे. कारखानदार बँक चिठ्ठ्या टाकून निवडत नाही. लहान, जुने कारखाने सहकारी बँकेकडे जास्त असतील, तर नुसती तुलना फसेल. म्हणून दरवाढीच्या आधीचे आणि नंतरचे, दोन्ही काळातले आकडे प्रत्येक कारखान्याचे हवेत. दोन्ही बाजू मिळून दीडशेच्या आसपास कारखाने धरा. आधी पंधरा ठिकाणी प्रश्नावली चालवून बघा.

'युनिट किती वापरता?' असं विचारू नका, लाइट बिल मागा. त्यावर मंजूर भार आणि मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. सोलर कधी बसलं हे नेट मीटरच्या (ग्रिडला दिलेली आणि घेतलेली वीज मोजणाऱ्या मीटरच्या) कागदावरून घ्या, आठवणीतून नको. कर्जाबाबत 'हप्ता वाढला का?' एवढंच विचारलंत तर चुकाल. दर वाढला की बँका बऱ्याचदा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवतात, आणि कारखानदार प्रामाणिकपणे 'काही फरक नाही' म्हणतो. कर्जखात्याचा उतारा बघा, खातेक्रमांक झाकून. सोलापूरच्या पूर्वभागात बरीच घरं तेलुगू बोलणारी आहेत, तेव्हा तेलुगू येणारा सोबती घ्या. जिल्हा पातळीवरच्या कर्जाच्या आकड्यांसाठी रिझर्व्ह बँकेचा डेटाबेस आणि अग्रणी बँकेचा (जिल्ह्यातल्या बँकांचा समन्वय करणाऱ्या बँकेचा) पतआराखडा, म्हणजे वर्षाची कर्जयोजना, पुरे.

प्रवेशाचं थोडक्यात: जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन शिष्यवृत्ती) मिळाली तर दरमहा ३७,०००. ती न मिळता नेटवरच प्रवेश असेल, तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण एकच वर्ष चालतात. सहायक प्राध्यापकाला चार, सहयोगीला सहा, प्राध्यापकाला आठच विद्यार्थी घेता येतात, म्हणून निकालाआधीच गाइडकडे जागा आहे का ते विचारा. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, त्यामुळे जर्नल पारखणं आता तुमच्यावर आहे. पैसे भरा, आठवड्यात छापतो म्हणणाऱ्यांना पेपर देऊ नका.

गाइडना भेटायला जाताना आठ-दहा पानांचा प्रस्ताव न्या. त्यात एक तक्ता असू द्या: एका व्यापारी आणि एका सहकारी बँकेचा लघुउद्योगांसाठीचा दर, एप्रिल २०२२ ते मार्च २०२३, महिन्यागणिक.