ब्रह्मा कोंबड्या शोसाठी पाळताय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

यावेळी ब्रह्मा या पायावर पिसं असलेल्या मोठ्या जातीवरच एवढे प्रश्न आलेत की दुसरं काही घेतच नाही, सगळ्यांना जमेल तसं सांगतो.

प्रश्न: दादा, माझा लाईट ब्रह्मा कोंबडा ८ महिन्यांचा झाला पण वजन ३ किलो ८०० ग्रॅमच आहे, उंच आणि हडकुळा दिसतो. ब्रीडिंगमधून काढून टाकू का?

अजिबात काढू नका! ही चूक मी सुरुवातीला स्वतः केलीय, आठव्या महिन्यात बारीक दिसतो म्हणून एक कोंबडा देऊन टाकला आणि दीड वर्षाने तोच दुसऱ्याच्या खुराड्यात बघितला तर ओळखू येईना, एवढा भरला होता. ब्रह्मा आधी उंची आणि हाडं घेतो, अंग मागून येतं, पूर्ण भरायला दीड ते दोन वर्षं लागतात. अमेरिकन स्टँडर्डमध्ये, म्हणजे शोमध्ये पक्षी ज्यावर तपासतात त्या नियमपुस्तकात, लाईटचं (पांढऱ्या अंगाच्या रंगप्रकाराचं) वजन मोठ्या कोंबड्याला १२ पाउंड म्हणजे साधारण ५.४ किलो, वर्षाच्या आतल्या कोंबड्याला १० पाउंड म्हणजे ४.५ किलो, मोठ्या कोंबडीला ९.५ आणि तलंगीला, म्हणजे वर्षाच्या आतल्या कोंबडीला, ८ पाउंड. तुमच्याला अजून महिने आहेत, तो मागे पडलाय असं मला वाटत नाही.

आत्ता वजन सोडा आणि सांगाडा बघा. त्याला उचला, तळहात पाठीवर आडवा ठेवा, खांद्यापाशी पाठ रुंद लागते का ते बघा, मग समोर उभं राहून दोन पायांमधलं अंतर बघा. पाय जवळजवळ आणि गुडघे आत वळलेले असतील तर मात्र तो नको, कारण ते खाऊ घालून सुधरत नाही. डोकं रुंद हवं आणि भुवईचं हाड डोळ्यावर थोडं पुढे आलेलं हवं, ब्रह्माचा चेहरा त्यानेच दिसतो.

आणि वजन वाढवायच्या नादात ब्रॉयलरचं खाद्य घालू नका प्लीज. पिल्लांना सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, साधारण ८ आठवड्यांनंतर १६ ते १८ पुरतं. अंग लवकर चढलं आणि पायाची हाडं कच्ची राहिली की पाय वाकडे होतात. बसायची दांडी पण फुटाच्या वर नको आणि चांगली रुंद हवी, एवढं वजन घेऊन उंचावरून उडी मारली की तळव्याला जखम होते आणि त्यात पू धरतो.

प्रश्न: पायाची पिसं सारखी तुटतात, आणि एका कोंबडीच्या नडगीवर खवले उचलल्यासारखे दिसतात, पांढरट भुकटी पण आहे. काय करू?

हे दोन वेगळे प्रॉब्लेम आहेत. खवले उचललेत म्हणजे तिला बारीक किडा लागलाय, तो खवल्याखाली घुसून राहतो आणि पायावर पिसं असलेल्या जातींमध्ये लक्षात यायला उशीर होतो कारण पिसं सगळं झाकतात. म्हणून दर आठवड्याला पिसं बाजूला करून नडगी बघायची सवय लावा. कोमट पाण्यात पाय भिजवा, मऊ टूथब्रशने हलकं घासा, कोरडं करून व्हॅसलिन नाहीतर खाद्यतेल जाड लावा म्हणजे किडा गुदमरतो, आणि हे काही आठवडे परत परत करायचं. खवले नखाने उपटू नका, रक्त येतं. बाकीच्यांचे पाय पण तपासा आणि दांड्या स्वच्छ करा. जास्त वाढलं असेल तर डॉक्टरांना विचारून औषध द्या.

पिसं तुटण्याचं कारण बहुतेक वेळा जमीन. चिखल पिसावर वाळून गोळा होतो, चालताना तो आपटतो आणि पीस मुळाशी मोडतं. कोरडा लाकडाचा भुसा चांगला जाड घाला, पाण्याचं भांडं जाळीवर ठेवा म्हणजे सांडलेलं खाली जाईल. तुटलेलं पीस गळून नवीन येईपर्यंत तसंच राहतं त्यामुळे शोच्या तोंडावर काही करता येत नाही. पिल्लं एकमेकांची बोटावरची कोवळी पिसं टोचत असतील तर गर्दी कमी करा, त्या पिसात रक्त असतं आणि एकदा चव लागली की थांबत नाहीत.

एक आणखी, गुडघ्यापासून मागे ताठ पिसांचा झुपका निघत असेल तर अमेरिकन स्टँडर्डमध्ये पक्षी बाद होतो. मऊ पिसं चालतात, ताठ नाही.

प्रश्न: दोन्ही आईबापांना नीट तीन ओळींचा बुटका तुरा आहे तरी काही पिल्लांना साधा उभा तुरा आलाय. कोणी फसवलं का मला?

फसवलं असेलच असं नाही. ब्रह्माचा बुटका तुरा, त्याला पी कोंब म्हणतात, तो उभ्या तुऱ्यावर वरचढ असतो, म्हणजे एका बाजूकडून उभ्या तुऱ्याचा जीन आला तरी तो लपून राहतो. दोघांनी तो लपवला असेल तर सरासरी चारातल्या एका पिल्लात दिसतो. तुमच्या जोडीत दोघंही तो बाळगून आहेत, हे आता नक्की झालं.

त्या पिल्लांतली उभ्या तुऱ्याची एक तलंग मात्र फेकू नका, ती तुमच्या कामाची आहे! पुढे जो नवीन कोंबडा आणाल त्याला तिच्यावर लावा. कोंबड्यात जीन लपलेला असेल तर निम्मी पिल्लं उभ्या तुऱ्याची निघतील, आणि तो लपवत असूनही ८ पिल्लांत एकही न निघण्याची शक्यता फक्त २५६ मध्ये १ असते. तुरा पिल्लू अंड्यातून निघाल्यावर लगेच कळतो त्यामुळे थांबावं पण लागत नाही. मला हा भाग फार आवडतो, २१ दिवसांत उत्तर हातात येतं.

प्रश्न: अंडी उबवायला ठेवली, निम्म्याहून जास्त रिकामी निघाली. कोंबडा तर दणकट आहे.

दणकट आहे पण शेपटीखाली पिसांची गादी किती आहे बघा, दोघांच्याही. ब्रह्मात ती एवढी दाट असते की मीलन नीट होतच नाही. कात्रीने तिथली पिसं गोलाकार छाटा, कोंबडीची पण. पिसं छाटून ८-१० दिवस झाले की मगच अंडी साठवायला घ्या. एका कोंबड्यामागे ६ ते ८ कोंबड्या पुरे. अंडी आठवड्याच्या वर ठेवू नका.

प्रश्न: शोच्या आधी आंघोळ कधी घालायची? आणि पांढऱ्या पिसांवर पिवळट झाक आहे ती धुऊन जाईल का?

झाक धुऊन जात नाही. ती ऊन, मक्याचा पिवळेपणा आणि काही अंशी वंश यामुळे येते, म्हणून नवीन पिसं येतानाच सावली द्या आणि पिवळा मका कमी करा. आंघोळ ३-४ दिवस आधी, म्हणजे पिसांचं तेल परत येतं. कोमट पाणी, सौम्य शाम्पू, पीस वाढतं त्याच दिशेने हात फिरवायचा, मग दोनदा स्वच्छ पाणी. पहिल्यांदा पाण्यात उतरवताना एक हात छातीखाली ठेवा, तो घाबरून पंख पसरतो आणि मिनिटाभरात कोमट पाण्याने एवढा सैल पडतो की डोळे मिटायला लागतो, तेव्हा डोकं धरून ठेवा, पाण्यात बुडू देऊ नका. पायाची पिसं सगळ्यात शेवटी वाळतात, तोपर्यंत भुशावर सोडू नका, टॉवेलवर उभा ठेवा.