इंडोनेशियातली बाली आणि लोंबोक बेटं इतकी जवळ असून प्राणी वेगळे कसे? आपल्याकडं अशी सीमा आहे का?

आहे की! मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला, लहानपणापासनं सह्याद्रीच्या जंगलाच्या कडेला वाढलोय.

आधी बालीचं सांगतो. दोन बेटांत पाणी कुठं 20 तर कुठं 40 किलोमीटर, पण खोल लई आहे. हिमयुगात समुद्र 120 मीटरच्या आसपास खाली गेला तेव्हा बाली जावामार्गे आशियाला जोडलं गेलं, वाघ चालत तिथवर पोचला (पुढं विसाव्या शतकात माणसानं तो संपवला), पण लोंबोकच्या अलीकडचं पाणी काय आटलं नाही. त्यामुळं पलीकडं वाघ नाही आणि ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवा आहेत. आल्फ्रेड वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ 1856 ला तिथं गेला होता, त्याच्याच नावानं ती वॉलेस रेषा.

आमच्याकडं समुद्र नाही, इथं रेषा पावसाची. आंबोलीत वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पडतो, तिथनं पासष्ट-सत्तर किलोमीटरवर बेळगावात 1300 च्या आगंमागं, आणि पुढं अथणीकडं गेलात तर 600 पण पडायची मारामार. कारण घाट, ढग तिथंच रिकामे होतात. म्हणून कणकुंबी, भीमगडच्या रानात शेकरू आणि पूर्वेला माळावर लांडगा, खोकड. जिल्हा एकच, मध्ये कुठं भिंत नाही, तरी शेकरू तिकडं जात नाही कारण त्याला फांदीला फांदी लागलेली झाडं पाहिजेत, तो जमिनीवर क्वचितच उतरतो.

मला सगळ्यात भारी वाटतं ते आंबोलीच्या टोडचं. एवढासा बेडूक, जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट कातळावर, पावसाचं पाणी साचतं त्या उथळ डबक्यात अंडी घालतो, आणि जगात फक्त आंबोलीच्या आसपासच सापडतो. त्याला वेगळी जात म्हणून नाव मिळालं 2009 साली! त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा दुसरा टोड कोयनेकडं आहे, दोघंही सह्याद्रीतलेच, पण मधली दऱ्याखोरी ओलांडणं एवढ्याशा जिवाला कुठलं जमायचं, म्हणून दोन जाती झाल्या असाव्यात. आणि हत्ती बघा, 2002 साली कर्नाटकातनं सरळ दोडामार्गात उतरले, त्यांना ना घाट आडवा आला ना राज्याची हद्द.

म्हणजे सीमा कुणासाठी ते आधी विचारायला पाहिजे, हत्तीची वेगळी, बेडकाची वेगळी. म्हणूनच रस्ता रुंद करताना दोन्ही बाजूची मोठी झाडं पाडली की माझा जीव तुटतो, कारण माणसाला तो दहा पावलांचा रस्ता, पण फांद्या जुळत नसल्या तर शेकरू अलीकडचं अलीकडंच राहतं. जांबोटीकडनं चोर्ल्याला गेलात तर गाडी हळू घ्या आणि वर बघा, अजून बऱ्याच ठिकाणी डोक्यावर फांद्या जुळलेल्या आहेत.