फ्लॅटचे पैसे कॅनडाला नेताना

तुमचा प्रश्न असा: ठाण्याचा नवरा-बायको दोघांच्या नावावरचा फ्लॅट विकायचं ठरलंय, साधारण ९० लाख येतील, कॅनडाचा पीआर (तिथे कायम राहायचा परवाना) हातात आहे आणि दोन महिन्यांनी शाळकरी पोरासकट विमान. पैसे आधी पाठवायचे की तिथे गेल्यावर? विमानतळावर अडवतील का? आणि तिथे एकटं वाटेल का?

अडवत नाहीत. आणलेल्या पैशावर मर्यादा नाही, करही नाही. फक्त १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या नोटा, ड्राफ्ट, चेक जवळ असतील तर उतरल्यावर आपणहून सांगायचं आणि फॉर्म भरायचा. लपवलं तर जप्ती. बँकेतून बँकेत गेलेल्या पैशाला हे लागत नाही. १०,००० आणि त्यावरच्या परदेशी व्यवहाराची माहिती तिथली बँक स्वतःच फिनट्रॅकला, म्हणजे पैशाच्या व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, देते. हा नेहमीचा रिवाज आहे, त्यातून कर निघत नाही. तरी लोक ९,९०० चे तुकडे पाडून पाठवतात. चोवीस तासांतले तुकडे एकत्रच मोजले जातात, आणि तुकडे पाडणं हेच संशयाला निमंत्रण.

खरी गोम भारताच्या बाजूला आहे. कायमचं राहायला म्हणून विमानात बसलात की फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याच्या, लेखी तुम्ही अनिवासी. (आयकराचं निवासीपण दिवस मोजून ठरतं, ते वेगळं. दोन्हींची गल्लत बँकेतली माणसंसुद्धा करतात.) पैसा तुमच्याआधी निघाला की नंतर, यावर सगळा हिशोब फिरतो.

आधी पाठवलात तर एलआरएस, म्हणजे निवासी माणसाला परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना. माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकन डॉलर, म्हणजे मर्यादेची अडचण नाही. अडचण टीसीएसची आहे, म्हणजे पाठवतानाच बँक आगाऊ कापून घेते त्या कराची. माणशी १० लाखांच्या वरच्या रकमेवर २० टक्के. दोघांनी ४५-४५ लाख पाठवले तर प्रत्येकी ३५ लाखांवर ७ लाख, दोघांचे मिळून १४ लाख बँक कापून घेणार. परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यावर. एप्रिलमध्ये कापलेले पैसे हातात यायला वर्षाच्या वर जाऊ शकतं, आणि नेमक्या त्याच वर्षी तुम्हाला एकेका डॉलरची गरज असते. दहा लाखांची सूट बँकेगणिक नाही, पॅनगणिक आहे; दुसऱ्या बँकेतून पाठवून काही साधत नाही.

नंतर पाठवलात तर तीच रक्कम एनआरओ खात्यातून, म्हणजे अनिवासी माणसाच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून, जाते. तिथे टीसीएस नाही आणि वर्षाला दहा लाख अमेरिकन डॉलरपर्यंत मुभा. सीएचं प्रमाणपत्र आणि ऑनलाइन घोषणा लागते, ज्याला बँकेत अजून १५सीबी आणि १५सीए म्हणतात. म्हणून माझं मत: जाण्याआधी दोघांनी १०-१० लाख पाठवा, टीसीएस शून्य. कॅनेडियन डॉलरला ६५ चा भाव धरला तर तीसेक हजार डॉलर होतात. बाकीचे ७० लाख इथेच ठेवा, बचत खातं एनआरओ करून घ्या आणि तिथून मागवा. फार रेंगाळू नका, एनआरओच्या व्याजावर ३० टक्क्यांच्या वर टीडीएस कापतात.

विक्री मात्र जाण्याआधीच उरका. निवासी विक्रेत्याचा टीडीएस १ टक्का, म्हणजे ९० हजार. आयकराच्या लेखी अनिवासी झाल्यावर, फ्लॅट दोन वर्षांहून जुना असला तरी, किमान १३ टक्के, आणि खरेदीदार तो बहुधा नफ्यावर नाही, पूर्ण किमतीवर कापतो: ११ लाख ७० हजार. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्यासाठी थांबायला खरेदीदाराची तयारी हवी.

आता नाव. सगळ्यात जास्त पैसे इथेच अडकतात. आपल्याकडे खात्यावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं, पासपोर्टवर ते कधी असतं, कधी नसतं. कॅनडातलं खातं पासपोर्टप्रमाणे उघडतं. दोन नावं जुळली नाहीत की पैसे मधल्या बँकेत आठवडा-आठवडा लटकतात. ताईंचं एखादं खातं माहेरच्या नावावर असेल तर आताच बदला. ए-२ फॉर्मवर (परदेशी पैसे पाठवायचा बँकेतला फॉर्म) कॅनडाचा तीन आकडी संस्था क्रमांक, पाच आकडी ट्रान्झिट क्रमांक, खाते क्रमांक आणि स्विफ्ट कोड द्या. आयबॅन (आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक) मागितला तर कॅनडात तो नसतो असं सांगा. पैशाचा स्रोत म्हणून इंडेक्स-२ (विक्रीच्या नोंदणीचा उतारा) दाखवाल, पण तो मराठीत असतो. इंग्रजी भाषांतर करून न्या.

भावावर भांडा. जीएसटीची चिंता करू नका, ५० लाखांच्या चलनबदलावर तो १,७१० रुपये आहे. तेच ५० लाख ६५ च्या ऐवजी ६६ ने बदलले तर ११०० हून जास्त डॉलर गेले. आणि थेट कॅनेडियन डॉलरमध्ये पाठवा. अमेरिकन डॉलर पाठवले तर दोनदा बदल, दोनदा कात्री.

पहिले तीस हजार आधी का हवेत? घरासाठी. शाळा पत्त्यावरून ठरते, पत्ता भाडेकरारावरून, आणि तिथे पत न जमलेल्या माणसाला घर सहज देत नाहीत. ओंटारिओत मालकाला कायद्याने पहिल्या आणि शेवटच्या महिन्याचंच भाडं आगाऊ मागता येतं, तरी प्रत्यक्षात जास्त मोजणाऱ्याला चावी मिळते. वर्गही तिथे जन्मवर्ष बघून देतात. पोर इथे काय शिकून आलं, किती पुढे होतं, याला काडीची किंमत नाही. नियम म्हणून ते बरोबर असेलही, पण मला तो अजून पटलेला नाही, आणि फाइलमधले गुणपत्रक कोणी उघडूनही बघत नाही याचा राग येतोच.

एकटेपणाचंही विचारलंत. पहिला हिवाळा वाईट, मग सवय होते. एनआरओत लाखभर राहू द्या मात्र. टीसीएस किंवा टीडीएसचा परतावा यायला बंद न पडलेलं, आयकराच्या पोर्टलवर पडताळलेलं खातं लागतं, हे सांगण्यासारखं कारण.

ज्या दिवशी उतराल त्या दिवशीचा बाजारभाव ही कॅनडाच्या करखात्यासाठी तुमच्या शेअर-जमिनीची खरेदी किंमत. त्या तारखेचं डीमॅट स्टेटमेंट आणि गावच्या जमिनीचं मूल्यांकन काढून ठेवा, नंतर जुन्या तारखेचं मिळवणं त्रासाचं. पीपीएफचं व्याज तिथे करपात्र आहे. परदेशी मालमत्तेची किंमत माणशी एक लाख कॅनेडियन डॉलरच्या वर गेली तर टी११३५ हा ती जाहीर करायचा फॉर्म भरावा लागतो, पहिल्या वर्षी माफ.

तुमच्या विक्रीचं खरेदीखत नोंदवलंय की नुसतं साठेखत (पुढे विकण्याचा करार) झालंय? साठेखतच असेल तर तिकिटाची तारीख एवढ्यात पक्की करू नका.