वाचकांचे प्रश्न : आकडा कशाचा, हे आधी पाहावे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे घरखर्च, मोजमाप आणि कर्ज यांविषयी आहेत. पत्रलेखकांनी आपापले गुणाकार सोबत पाठवले आहेत आणि ते जवळजवळ सर्व बरोबर आहेत. तरीही उत्तरे चुकली आहेत, कारण गुणण्यासाठी घेतलेला आकडा नेमका कशाचा आहे, हे पाहायचे राहून गेले. खालची उत्तरे वाचताना एवढे लक्षात ठेवावे, अशी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या खोलीची लांबी 14 फूट 11 इंच आणि रुंदी 10 फूट 10 इंच आहे. मी 14.11 गुणिले 10.10 असा हिशेब केला, तेव्हा साधारण 142.5 चौरस फूट आले. दोन फूट बाय दोन फुटांच्या 36 फरश्या लागतील असे धरून दोन जास्त घेतल्या, तरी फरशी कमी पडली आणि नंतर आणलेल्या फरशीचा रंग जुळला नाही. चूक कोठे झाली? (एक वाचक, सुदामानगर, इंदूर)

उत्तर : चूक टिंबात आहे. फुटाचे इंच बारा असतात, दहा किंवा शंभर नव्हेत. म्हणून 10 फूट 10 इंच म्हणजे 10.10 फूट नसून सुमारे 10.83 फूट होतात. सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे सगळे इंचांत आणणे. आपली खोली 179 इंच बाय 130 इंच आहे. गुणाकार 23,270 चौरस इंच येतो आणि त्याला 144 ने भागले की 161.6 चौरस फूट मिळतात. म्हणजे आपल्या हिशेबातून तब्बल 19 चौरस फूट गळाले.

फरशीचा हिशेब मात्र नुसत्या क्षेत्रफळावर सोडू नये, कागदावर चौकटी आखून पाहावा. 24 इंची फरशी लांबीत सात बसतात व 11 इंच उरतात. रुंदीत पाच बसतात व 10 इंच उरतात. अखंड फरश्या 35 झाल्या. रुंदीकडच्या उरलेल्या जागेत 10 इंची सात पट्ट्या लागतील, एका फरशीतून दोन निघतात म्हणून तेथे चार फरश्या. लांबीकडे 11 इंची पाच पट्ट्या, म्हणजे तीन फरश्या. कोपऱ्याचा तुकडा उरलेल्यातून निघेल. एकूण 42 झाल्या. सांध्यांची जागा येथे धरलेली नाही. फुटतुटीसाठी तीन जास्त धरून 45 फरश्या एकाच वेळी आणल्या असत्या, तर रंगाचा प्रश्न आला नसता.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या वहीत "पाटल्यांची जोडी, 3 तोळे" अशी नोंद आहे. सराफ्यात वजन केले तेव्हा 34.9 ग्रॅम भरले आणि दुकानदार म्हणाले, "साडेतीन तोळ्यांना जरा कमी." वही खोटी की काटा? (एक भगिनी, मल्हारगंज, इंदूर)

उत्तर : दोन्ही खरे आहेत. तोळा हा शब्द तोच राहिला, त्यामागचे वजन बदलले. जुना तोळा बारा माशांचा, मासा आठ गुंजांचा, आणि आजच्या मापात तो तोळा 11.664 ग्रॅमचा होतो. सराफ आज सोयीसाठी 10 ग्रॅमला तोळा म्हणतात. वहीतले 3 तोळे म्हणजे 34.99 ग्रॅम. काट्यावर 34.9 भरले, याचा अर्थ इतकी वर्षे हातात घातलेल्या पाटल्यांची झीज जेमतेम नऊ शतांश ग्रॅम आहे. वहीत नोंद करणाऱ्या हाताने किती काळजीपूर्वक लिहिले होते, हेही त्यावरून दिसते.

पाटल्या मोडण्याचा विचार असेल तर वजनाइतकाच कसही विचारावा. 22 कॅरट म्हणजे 24 भागांत 22 भाग सोने. हॉलमार्कवर तेच 916 असे, म्हणजे हजारात 916 भाग, लिहिलेले असते. पाटल्या खरोखरच त्या कसाच्या निघाल्या, तर शुद्ध सोने 34.9 गुणिले 0.916, म्हणजे सुमारे 31.97 ग्रॅम होईल. 24 कॅरटचा दर असेल तर तो या 31.97 ला लावायचा, 22 कॅरटचा असेल तर 34.9 ला. दर 22 कॅरटचा आणि वजनही शुद्ध सोन्याचे, असा हिशेब कोणी मांडला तर तो मान्य करू नये, कारण त्यात घट दोनदा धरली जाते.

प्रश्न : बायपासजवळ एक प्लॉट पाहिला आहे. पुढची आणि मागची बाजू 34-34 फूट, दोन्ही कुशी 50-50 फूट. विक्रेते 1,700 चौरस फुटांचे पैसे मागतात, दर 4,500 रुपये. मी स्वतः टेपने चारही बाजू मोजल्या, त्या बरोबर आहेत. समोरचा रस्ता थोडा तिरका असल्यामुळे मनात शंका आहे. बयाणा द्यावा का? (एक वाचक, अन्नपूर्णा रोड, इंदूर)

उत्तर : बयाणा देण्यापूर्वी आणखी एक माप घ्यावे, ते म्हणजे कर्णाचे. आपली शंका अगदी योग्य आहे आणि ती आपण लिहून कळवली याचे मला फार समाधान वाटले.

समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की चौकोन आयतच असतो, असे आपण गृहीत धरतो. घरातली ढिली झालेली बाज आठवावी. तिच्या चारही पट्ट्यांची लांबी तीच असते, पण एका कोपऱ्यावर जोर दिला की ती कलंडते आणि आतली जागा कमी होते. चार बाजूंच्या मापांवरून चौकोनाचे क्षेत्रफळ ठरत नाही, ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वीच सांगून ठेवलेली आहे. समोरासमोरच्या बाजूंच्या सरासरींचा गुणाकार करून येणाऱ्या क्षेत्रफळाला ब्रह्मगुप्तांनी इ. स. 628 मध्ये स्थूल, म्हणजे ढोबळ, म्हटले होते. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये पुढे जाऊन बजावले की, कर्ण किंवा लंब न सांगता चौकोनाचे निश्चित क्षेत्रफळ विचारणारा पिशाच्च समजावा, आणि ते सांगणारा त्याहून अधिक. जमिनीच्या व्यवहारात आजही हीच ढोबळ रीत सर्रास चालते आणि ती घेणाऱ्याच्या फायद्याची कधीच नसते: जागा आयत असेल तर उत्तर बरोबर येते, नसेल तर नेहमी जास्तच येते.

आपल्या प्लॉटच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत टेप धरावा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत धरावा. दोन्ही कर्ण सारखे, म्हणजे सुमारे 60 फूट साडेपाच इंच भरले, तर तो आयत आहे आणि 1,700 चौरस फूट खरे आहेत. समजा, एक कर्ण 52 फूट भरला (तेव्हा दुसरा 68 फुटांच्या जवळ जाईल). मग कर्णाने प्लॉटचे दोन सारखे त्रिकोण होतात, प्रत्येकाच्या बाजू 34, 50 आणि 52. तिन्हींची बेरीज 136, तिचे अर्ध 68. या 68 मधून एकेक बाजू वजा केली की 34, 18 आणि 16 उरतात. 68, 34, 18 आणि 16 यांचा गुणाकार 6,65,856 आणि त्याचे वर्गमूळ 816, हेच एका त्रिकोणाचे क्षेत्रफळ. असे दोन त्रिकोण, म्हणजे 1,632 चौरस फूट.

फरक 68 चौरस फुटांचा, आणि 4,500 च्या दराने तो 3,06,000 रुपयांचा आहे. बाजू मोजताना टेप एक सूतही हललेला नाही, तरी एवढी रक्कम जास्त जाते. गवंडी पायाची आखणी करताना गुण्या (काटकोनी पट्टी) लावतो, किंवा दोरीने तीन-चार-पाचचा त्रिकोण करून काटकोन तपासतो. तीच काळजी प्लॉट घेणाऱ्याने आधी घ्यावी. सोबत कोणाला तरी न्यावे, दोन्ही कर्ण मोजून कागदावर लिहावेत, आणि रजिस्ट्रीच्या मसुद्यातल्या नकाशावर बाजूंबरोबर कर्णाचे मापही लिहून घेण्याचा आग्रह धरावा.

प्रश्न : साडीवर "50 टक्के आणि त्यावर 20 टक्के" सूट होती. 2,400 च्या साडीला 720 द्यायचे असे मी धरले होते, बिल 960 चे आले. (एक भगिनी, राजवाडा परिसर)

उत्तर : बिल बरोबर आहे. दुसरी सूट 2,400 वर नसून उरलेल्या 1,200 वर आहे. एकूण सूट 60 टक्के झाली.

प्रश्न : मुलाच्या दुचाकीसाठी 1,00,000 रुपयांचे कर्ज हवे आहे. एके ठिकाणी 10 टक्के फ्लॅट दर आहे, मुदत तीन वर्षे, हप्ता 3,611 रुपये. दुसरीकडे 13 टक्के, पण घटत्या शिल्लकीवर. दहा टक्के घेणेच बरे ना? (एक पालक, इंदूर)

उत्तर : नाही. हे दहा आणि तेरा एकाच रकमेचे टक्के नाहीत, म्हणून त्यांची तुलना होत नाही. फ्लॅट दरात पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण एक लाखावर व्याज लागते: वर्षाला 10,000, तीन वर्षांचे 30,000. घटत्या शिल्लकीत त्या त्या महिन्यात खरोखर देणे असलेल्या रकमेवरच व्याज लागते. तेथे 13 टक्क्यांनी हप्ता सुमारे 3,369 येतो आणि तीन वर्षांचे व्याज सुमारे 21,300 होते. म्हणजे "तेरा टक्के" हे "दहा टक्क्यांपेक्षा" जवळपास 8,700 रुपयांनी स्वस्त आहे.

छत्तिसावा हप्ता डोळ्यांसमोर आणावा. फ्लॅट दराच्या 3,611 मध्ये मुद्दल 2,778 आणि व्याज 833 धरलेले आहे. त्या शेवटच्या महिन्यात आपल्याकडे देणे फक्त 2,778 रुपये उरलेले असते, आणि एका महिन्याच्या वापरासाठी त्यावर 833 रुपये, म्हणजे महिन्याला 30 टक्के व्याज घेतले जाते. संपूर्ण मुदतीचा विचार केला, तर हे कर्ज घटत्या शिल्लकीच्या भाषेत सुमारे 17.9 टक्क्यांचे ठरते. कर्ज देणाऱ्याला दर विचारण्याऐवजी "एकूण किती रुपये परत द्यायचे" एवढे विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. प्रक्रिया शुल्क व विमा वेगळे असतील तर तेही त्यात मिळवावेत.

प्रश्न : आम्ही लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ केली होती. नातवंडांना ती शिकवण्यात आता काही अर्थ आहे का? (एक आजोबा, इंदूर)

उत्तर : आहे, आणि मनापासून सांगतो, अवश्य शिकवावी. ही पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन पटींची कोष्टके सोळा आण्यांच्या रुपयासाठी सोयीची होती. 1957 मध्ये रुपयाचे शंभर पैसे झाले आणि ती शाळेतून मागे पडली. पण पाव, अर्धा आणि पाऊण हे हिस्से बाजारातून गेलेले नाहीत. 60 रुपये किलोची भेंडी पाऊण किलो घेतली तर 45 रुपये. 160 रुपये मीटरचे कापड सव्वादोन मीटर घेतले तर दुप्पट 320 आणि पाव 40, एकूण 360. टक्क्यांतही तेच आहे: 25 टक्के म्हणजे पावकी, 75 टक्के म्हणजे पाऊणकी. एकदम सगळी कोष्टके लादू नयेत. पहिला महिनाभर फक्त पावकी घ्यावी, सकाळी भाजी आणताना पिशवी नातवाच्या हाती द्यावी, आणि भाजीवाल्याने पैसे सांगण्याआधी त्याला आकडा सांगू द्यावा.